पडद्याखालची पावलं

मित्रांनो, दचकू नका. खिडक्या बंद आहेत, वारा कुठूनच येत नाही, तरीही मी हललो, हे तुमच्या लक्षात आलं ना? त्या पिवळ्या स्वेटरवालीच्या तर नक्कीच आलंय, कारण ती केव्हाच दाराशी जाऊन उभी राहिली आहे. ये गं, जवळ ये. मी काही करत नाही. मी एक जुना पडदा आहे, एवढंच.

टॅनर्स रन या खाणगावच्या बंबखान्यात, कपाटाएवढ्या लोखंडी मतयंत्राला मी अजून टांगलेला आहे. यंत्राच्या छातीवर उमेदवारांची नावं आणि प्रत्येक नावापाशी एक छोटी खिट्टी. बाजूचा लाल दांडा ओढला की मी सर्रकन मिटायचो. आत माणूस एकटा. त्याने हव्या त्या खिट्ट्या खाली पाडायच्या आणि दांडा परत फिरवायचा. मत मोजलं जाई, खिट्ट्या आपोआप वर जात आणि मी उघडायचो. आत काय झालं ते फक्त त्या माणसाला ठाऊक आणि मला. मी कधी कोणाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही, कितीही गुदगुल्या केल्यात तरी!

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. जाड हिरवं कापड, दुहेरी शिवण. मला शिवणाऱ्या मुली तुमच्याहून थोड्याच मोठ्या होत्या. शेवटचा टाका घालून झाल्यावर त्यांच्यातल्या एकीने मला अंगाभोवती गुंडाळून घेतलं आणि ओरडली, "गप्प बसा गं, मी मत देतेय!"

"कुणाला देतेस?" दुसरीने विचारलं.

"ते सांगितलं तर पडदा कशाला शिवला, वेडाबाई?"

सगळ्या खदखदा हसल्या. मग हळूहळू गप्प झाल्या, कारण त्या काळी तिथे बायकांना मतच नव्हतं. पण माझं पहिलं आणि शेवटचं शिक्षण तेवढ्यात झालं. सांगायचं असतं तर पडदा कशाला!

बरीच वर्षं दुसऱ्या गावात काढून मी पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात आलो, तेव्हा बायकांनाही मत मिळालेलं होतं. मला उतरवून घ्यायला बँड आला होता. काय तो थाट! खाणीतली माणसं माझ्या आत येताना टोपी काढत, जशी चर्चमध्ये काढतात. त्यांच्या हातांना कोळशाचा वास, बायकांच्या हातांना साबणाचा. एखाद्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची खिट्टी असे, एखाद्या वर्षी न्यायाधीशाची, शेरीफची. आणि गंमत म्हणजे, यंत्राजवळ बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी मतदान-प्रमुखसुद्धा गावानेच मतं देऊन निवडलेली असे. आमच्याकडे हे काम प्रोसरबाईंकडे होतं. एरवी त्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या एका भुवईने आख्खा वर्ग गप्प होई.

मग एका वर्षी मला धुतलं.

टॅनर्स रनमध्ये सगळ्यावर कोळशाची काळी भुकटी बसते. खिडकीच्या चौकटीवर, पावावर, झोपलेल्या बाळाच्या पापण्यांवरही. म्हणून इथल्या बाईची पारख तिच्या पडद्यांवरून होते. सोमवार हा धुण्याचा वार आणि मतदान मंगळवारी. तेव्हा आदल्या सोमवारी मला पाहून वेरोना हुडाकचे हात शिवशिवले नसते तरच नवल! वेरोना खाणीतल्या ओंद्रेय हुडाकची बायको, कामाला वाघीण. तिची शेजारीण नोरा डोलन, तोंडाला वाघीण.

"सरकारी आहे म्हणून काय मळकाच ठेवायचा?" वेरोना म्हणाली आणि तिने मला तांब्याच्या हंड्यात कडक साबणाबरोबर उकळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला टांगलं, तर मी गुडघ्यांच्याही वर!

"अगं बाई," नोरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वेरोना, पडदा धुतलास की परकर शिवलास?"

"वाळला की उतरेल खाली," वेरोना पुटपुटली.

मी काही उतरलो नाही. आटलेलं कापड पुन्हा वाढत नाही. त्या दिवशी आत जाणाऱ्या प्रत्येकाची टिंगल झाली. "ए, मोजे तरी सारखे घालून यायचं!" सगळे हसत होते. हसता हसता आधी थांबला तो स्ट्राउड मुकादम.

स्ट्राउड कंपनीचा माणूस. खाण कंपनीची, दुकान कंपनीचं, राहती घरंही कंपनीची. कंपनीला हवी असलेली नावं यंत्राच्या डाव्या टोकाला होती आणि विरोधातली उजव्या टोकाला. यंत्र इतकं रुंद, की उजव्या खिट्टीला हात पोचवायला उजवीकडे एक पाऊल सरकावंच लागे. वरून काही दिसत नव्हतं. पण खालून सगळं दिसत होतं.

पुढच्या मतदानाला स्ट्राउडने खुर्ची सोडली आणि शेगडीजवळ खिळ्यांच्या बुटक्या पिंपावर येऊन बसला. पक्षाचा निरीक्षक म्हणून त्याला आत बसायची परवानगी होतीच. तो काही लिहीत नसे. नुसता तंबाखू चघळत पावलं बघे. आणि हिवाळ्यात कोणाचं खाणीतलं काम बंद होई, कोणाचा पलंग नि पाळणा बर्फात रस्त्यावर येऊन पडे. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. वेरोनालाही कळलं. "खाली एक पट्टी तरी लावू द्या," असं ती जिल्ह्याच्या साहेबाला सांगून आली. सरकारी वस्तूला सुई लावायची नाही, असं उत्तर मिळालं. त्यानंतर ती माझ्याकडे बघेनाशी झाली.

मित्रांनो, ती वर्षं मला आठवली की माझा धागा न् धागा आखडतो. माणसं आत येत. पाऊल उजवीकडे सरके, थबके आणि परत येई, झोपेत चालणाऱ्याला कोणी हाताला धरून मागे आणावं तसं. आत हुंदका, बाहेर तंबाखूची पिंक. पायाखालची डावीकडची फळी झिजून गुळगुळीत झाली. उजवीकडच्या फळीवर धूळ साचली.

आणि मग खाणीला आग लागली.

आग आत खोलवर होती. ओंद्रेय आणि त्याच्याबरोबरची माणसं तिकडेच अडकली होती. कंपनीने त्याच दिवशी वीट-चुन्याची भिंत बांधून तो बोगदा बंद केला, नाहीतर आख्खी खाण पेटली असती म्हणे. आमच्याकडे माणूस कशाने मेला हे ठरवणारा एक अधिकारी असतो, कोरोनर. त्याने खाली न उतरताच सांगितलं, सगळे क्षणात गेले, दोष कोणाचा नाही.

पण वेरोनाच्या मोरीतला पाण्याचा नळ वाजत होता.

टक. टक. टक.

नळ डोंगरातून येत होता, खाणीच्या अंगाने. भिंत बांधून झाल्यावरही तो वाजत होता. वेरोनाने नोराला बोलावलं. नोराने नळाला कान लावला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटेना. दोघी धावत कंपनीच्या कचेरीत गेल्या. "गरम पाण्याने नळ वाजतातच," तिथे सांगितलं. थोड्या दिवसांनी वाजायचं थांबलं.

ओंद्रेय भिंतीमागेच राहिला. ना शवपेटी, ना थडगं. वेरोना रोज रात्री त्याचं ताट मांडी, लोण्यात परतलेला कोबी नि शेवया, आणि सकाळी कोंबड्यांना घाली. तिला एकच हवं होतं. भिंत उघडावी, नवऱ्याला बाहेर आणावं आणि तो क्षणात गेला की वाट बघत गेला ते कोणीतरी खरं सांगावं. कंपनी सांगणार नव्हती. शेरीफ म्हणाला, माझ्या हातात नाही. गव्हर्नर फार लांब. तो हक्क एकट्या कोरोनरचा होता आणि त्या नोव्हेंबरात कोरोनरची निवडणूक होती. जुना कोरोनर डाव्या टोकाला. उजव्या टोकाला डॉक्टर लेव्हिट. तो गावोगाव जाऊन एवढंच सांगत होता, "मला निवडलंत तर भिंत उघडायचा हुकूम काढीन."

मतदानाच्या आदल्या दिवशी स्ट्राउड वेरोनाच्या दाराशी आला. हे मला नोराने बंबखान्यात सगळ्यांना ओरडून सांगितलं म्हणून कळलं.

"घर कंपनीचं आहे, वेरोना," तो म्हणाला. "नवरा नाही, खाणीत कामाला कोणी नाही. तरी अजून इथे राहतेस. उद्या डावीकडे उभी राहिलीस तर हिवाळा काढशील."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे फार थंडी असते," स्ट्राउड म्हणाला आणि हसला.

मतदानाच्या संध्याकाळी धुकं इतकं उतरलं होतं, की बंबखान्याच्या दारातला दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. रांग दाराबाहेर गेलेली. दिवसभर पावलं डावीकडेच पडत होती. स्ट्राउड आपल्या पिंपावर. शेगडी धडधडत होती, तरी आत कोणाला ऊब म्हणून नव्हती. श्वासांच्या वाफा निघत होत्या.

वेरोना आली. काळे कपडे, पायात पातळ तळव्यांचे कापडी जोडे. प्रोसरबाईंनी तिचं नाव पुकारलं. तिने लाल दांडा ओढला. मी मिटलो.

ती डावीकडे उभी राहिली, जिथे सगळे उभे राहत. तिचा श्वास माझ्यावर पडत होता. "ओंद्रेय," ती अगदी हळू म्हणाली, "मला घाबरायला होतंय रे."

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. ते कोणाचं मत नाही, म्हणून सांगतो.

माझ्या खालच्या काठाला काहीतरी लागलं. ओलं. जड. उजव्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं, तिथे दोन खाणीचे बूट उभे होते. खाणीतलं पाणी गंजासारखं तांबूस असतं. ते त्या बुटांतून झिरपत होतं. वर माणूस नव्हता. मी शपथेवर सांगतो, वर कोणी नव्हतं. फक्त बुटांच्या वरची हवा गार होती, इतकी गार की माझं कापड ताठरलं.

वेरोनाने खाली पाहिलं नाही. तिने फक्त उजवीकडे पाऊल टाकलं. लहान मूल अंधारात आईच्या अंगाला अंग लावतं ना, तसं.

आणि बाहेर पिंप कलंडलं.

"दोघं आहेत!" स्ट्राउड किंचाळला. "आत दोघं आहेत! चार पाय आहेत! हे बेकायदा आहे, उघडा!" त्याने धावत येऊन मला मुठीत धरलं आणि वर उचललं.

आत वेरोना एकटी होती. हात सर्वात उजव्या खिट्टीकडे निघालेला. तिच्या शेजारी फळीवर तांबूस पाण्याचे दोन ठसे होते. तिथवर येणारा ठसा नव्हता आणि जाणाराही नव्हता.

 आणि मग नोरा डोलनला वाचा फुटली.

"चार पाय? आणि ते मोजायला तुम्ही खाली वाकलातच कशाला हो, स्ट्राउडसाहेब?"

कोणीतरी खुसकन हसलं. मग कोणी हसलं नाही. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. जे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच म्हणता येत नव्हतं, ते त्याने स्वतःच्या तोंडाने ओरडून सांगितलं होतं.

प्रोसरबाई उठल्या. भुवई वर गेली होती.

"पडदा सोडा."

"बाई, मी बघितलं. ते हुडाकचे बूट होते. मी ते बूट ओळखतो, मी कित्येक वर्षं ते..." तो थांबला, पण उशीर झाला होता.

"कित्येक वर्षं काय केलंत?" बाईंनी विचारलं. "पूर्ण उत्तर द्या."

स्ट्राउडचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "विसरू नका बाई, तुमच्या शाळेचं छप्पर कंपनीचं आहे."

"उद्या आठवीन," प्रोसरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, पण हात दाराकडे सरळ होता. "आज या दाराच्या आत कंपनी नाही. आज इथे मी आहे आणि मला या रांगेने बसवलंय. मतदाराचा पडदा उचलणारा माणूस माझ्या खोलीत थांबत नाही. चला."

गावाने निवडलेला शिपाई पुढे झाला. त्याची गरजच पडली नाही. स्ट्राउड त्या दोन ठशांवरून नजर न काढता पाठमोरा मागे सरकत गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. बाईंनी मला स्वतःच्या हाताने नीट सोडलं. "वेरोना," त्या बाहेरून म्हणाल्या, "सावकाश. कोणी बघत नाही."

तिने कुठली खिट्टी पाडली ते मी सांगणार नाही. दांडा फिरला, आकडा एकानेच पुढे सरकला. मेलेल्या माणसाला मत नसतं आणि त्याने ते मागितलंही नाही. तो फक्त शेजारी उभा होता.

पुढची गोष्ट मात्र सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून सांगतो. वेरोनानंतर नोरा आत आली. तिच्यामागून दाढीवाला सुतार, मग त्याची सासू, मग एकामागून एक आख्खी रांग. तो शेगडीजवळचा कोपरा रिकामा होता. पहिल्या पहिल्यांनी माझ्या खालून वाकून तिकडे बघून खात्री करून घेतली. नंतरच्यांनी तीही केली नाही. पहाटेपासून उभ्या असलेल्या मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण पुन्हा पायांपर्यंत लांब झालो आहोत.

डॉक्टर लेव्हिट निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. भिंत फोडली.

चौकशी याच बंबखान्यात, उघड्यावर, सगळ्यांसमोर झाली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणसं आगीपाशी सापडली नव्हती. ती भिंतीला लागून, एका ओळीत बसलेली सापडली. टोकाला ओंद्रेय हुडाक होता. त्याच्या डोक्यावरून पाण्याचा नळ जात होता आणि त्याच्या मुठीत दगड होता.

 कंपनीचे वकील आपल्या टोपीकडे बघत बसले. वेरोना मागच्या बाकावरून उठली.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. एवढंच. आणि खाली बसली.

डॉक्टरांनी ते शब्द निकालात घातले. ही माणसं क्षणात गेली नाहीत. भिंत घाईने बांधली गेली आणि बांधणारे दोषी आहेत. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात आत माणूस असताना भिंत बांधायची कोणाची छाती झाली नाही. वेरोनाला कंपनीने घराबाहेर काढलंच, तो हिवाळा तिने नोराच्या स्वयंपाकघरात काढला. पण ओंद्रेय टेकडीवर, नाव लिहिलेल्या दगडाखाली झोपला.

त्याला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी वेरोना कात्री नि सुई घेऊन माझ्याकडे आली. कोणाला विचारायला गेली नाही. आपल्या काळ्या घागऱ्याचा घेर कापून तिने माझ्या खाली पट्टी जोडली, अगदी जमिनीपर्यंत. म्हणून मी वर हिरवा नि खाली काळा आहे. बघा, टाका अजून एकही उसवलेला नाही.

आता नवी यंत्रं आली. माझ्यावर कोळशाऐवजी साधी धूळ बसते. शाळेच्या सहली येतात, मुलं लाल दांडा ओढतात, माझ्या आत शिरून एकमेकांना भॉक करतात. करा, मला आवडतं. पण मित्रांनो, एक गोष्ट मागतो. मोठे झालात आणि कोणी अशा पडद्याआड उभं असलं, तर त्याचे पाय कुठे वळले ते बघू नका. आणि दुसरं कोणी वाकून बघत असेल, तर नोरासारखं मोठ्याने विचारा. घाबरलात तरी विचारा, प्रोसरबाईही घाबरल्याच होत्या. पडदा आखूड झाला, तर साहेबाच्या परवानगीची वाट बघत बसू नका. तुमच्या घागऱ्याला घेर असेलच की.

आणि पिवळ्या स्वेटरवाले, तू आत येऊन उभी राहिलीस तर खुशाल उजवीकडच्या फळीवर पाय ठेव. थोडी गार लागते. पण तिथे एकटं वाटत नाही.